इकडं काय काम काढलंत?

गावाकडं माणूस डांबरी रस्त्यावर दिसला तर लोक विचारतात, "कुठं निघालाय?" तोच माणूस कॅनॉलच्या भरावावर दिसला तर विचारतात, "इकडं काय काम काढलंत?" डांबरी रस्ता कुठंतरी पोचण्यासाठी असतो, तेव्हा गावाचं नाव सांगितलं की भागतं. कॅनॉलच्या रस्त्यावर माणूस येतो तो मोटर चालू करायला, दारं धरायला, म्हशी धुवायला, जनावरांना वाढं न्यायला. अगदीच काही नाही तर घरच्यांची नजर चुकवून तंबाखू मळायला. यातलं काहीही न करणारा, डोक्यावर हेल्मेट आणि मांड्यांना चिकटलेली काळी चड्डी घातलेला एक पन्नाशीचा गृहस्थ सायकलवरून इकडंतिकडं बघत रमतगमत चालला असेल, तर त्याच्या पोटात काहीतरी आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

माझ्या पोटात सकाळच्या मिसळीशिवाय काही नसतं. मला नीरा डाव्याच्या कडेनं सायकल चालवायला आवडते, एवढंच. पण हे उत्तर त्या पट्ट्यात आजवर कुणी मान्य केलेलं नाही. "फिरायला आलोय" म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो, थोडं थांबतो आणि जवळ येऊन हळूच विचारतो, "ते झालं. पण काम काय?"

नीरा डावा म्हणजे नीरा नदीच्या डाव्या अंगानं जाणारा कालवा. वीरपासून निघून नीरा, सोमेश्वरनगर, माळेगाव, बारामती असं करत तो इंदापूर तालुक्यात शिरतो. १८७६-७७च्या दुष्काळात उपाशी माणसांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो खोदायला घेतला आणि १८८५च्या सुमाराला त्यातून पाणी वाहू लागलं. म्हणजे ज्या दुष्काळासाठी खोदाई सुरू झाली तो संपून बरीच वर्षं झाल्यावर पाणी आलं. पाणीपुरवठ्याच्या कामातली ही परंपरा आपण पुढं किती निष्ठेनं पाळली आहे, ते वेगळं सांगायला नको. पाणी येतं भोरजवळच्या भाटघर धरणातून. तिथलं आजचं मोठं धरण १९२८ सालचं, लॉइडसाहेबाच्या नावाचं. धरणातून सुटलेलं पाणी नदीनं वीरपर्यंत येतं आणि तिथून कालव्याला लागतं.

सायकलवाल्याच्या दृष्टीनं या सगळ्यातली मोलाची गोष्ट अशी, की कालव्याला चढ चढता येत नाही. मैलामागं एखाद-दोन फुटांचा उतार धरून तो निघतो आणि शेवटपर्यंत तो सोडत नाही. टेकडी आडवी आली की तिला वळसा घालतो. ओढा आला की दगडी कमानी बांधून वरून निघून जातो. गुडघ्यांची तक्रार असलेल्या माणसाला सह्याद्रीच्या पायथ्याच्या जिल्ह्यात इतका सपाट रस्ता दुसरा मिळायचा नाही. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. समोर एखाद्या गावाची पाण्याची टाकी दिसते. आता आलंच गाव, म्हणून आपण चहाची तयारी करतो. कालवा डावीकडं वळतो, टाकी उजव्या हाताला जाते. पुन्हा वळतो, टाकी पाठीमागं. अर्ध्या तासानं ती पुन्हा समोर येते, या वेळी 'पाणी हेच जीवन' लिहिलेली बाजू दाखवत. गाव कधी येतच नाही. शेवटी एक गुराखी सांगतो, "ते व्हय? ते मघाशीच ऱ्हायलं की मागं. पुलावरनं खाली उतरायचं हुतं."

इंग्लंडातल्या कालव्यांच्या कडेलाही अशीच वाट असते. तिथले कालवे मालाच्या होड्यांसाठी खोदलेले. घोडे काठानं चालत आणि दोरानं होड्या ओढत. पुढं घोडे गेले, आता त्या वाटेवर सायकली आणि कुत्री फिरवणारी माणसं असतात. आपल्या कालव्यात होडी नव्हती. घोडा मात्र होता. त्याच्यावर पाटबंधारे खात्याचा माणूस बसायचा आणि कोण पाणी चोरतंय, कुणी भराव फोडलाय ते बघत फिरायचा. आता घोड्याच्या जागी मोटारसायकल आली आणि तिच्यावर पाटकरी किंवा कालवा निरीक्षक. काम तेच. त्यामुळे या वाटेवरून कशावर तरी बसून हळूहळू जाणारा आणि दोन्ही बाजूंना बघणारा कुठलाही माणूस हा खात्याचा, असं सव्वाशे-दीडशे वर्षांचा अनुभव सांगतो. त्या अनुभवापुढं माझी काळी चड्डी काय पुरावा देणार?

कालव्याच्या डोक्याकडं, म्हणजे वीर-नीरेच्या बाजूला, हा संशय फार तापदायक नसतो. तिथं पाणी आधी येतं, बक्कळ येतं, आणि खात्याचा माणूस आला काय अन् गेला काय, ऊस उभाच असतो. त्यामुळे तिथली माणसं मोकळ्या मनानं दुसरे तर्क लढवतात.

"पाव्हणं, काय विकताय?"

"काही नाही मामा, फिरतोय."

"फिरा की. पर काय विकताय?"

त्यांची नजर सीटच्या मागं लटकवलेल्या पिशवीवर असते. तिच्यात एक जादा ट्यूब, दोन केळी आणि रेनकोट आहे हे मी उघडून दाखवतो. मामा केळ्यांकडं बघत म्हणतात, "जळगावचं दिसतंय. आपल्याकडं ह्याला दर न्हाई." म्हणजे मी केळी विकायला आलो होतो, हे ठरलं.

धुणं धुणाऱ्या बायकांचा तर्क याहून खोल जातो. दगडी पायऱ्यांवर चार-सहा जणी कपडे आपटत असतात, पलीकडं पाच लिटरचे रिकामे कॅन पाठीला बांधून पोरं पोहायला शिकत असतात. आपण सायकल टेकवून पाणी प्यायला थांबलो की आपटणं थांबतं. एक आजी मला खालून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "पोरं गाडी देईनात व्हय रं?"

मी काही बोलायच्या आत घाटभर हळहळ पसरली. या वयात बापाला सायकल मारायला लावणारी पोरं कुठल्या गावची, शिकलेली आहेत का, सून कशी आहे, याची चौकशी झाली. घरी स्कूटर आहे, मी हौसेनं सायकल चालवतो, असं मी सांगितलं. आजी शेजारणीला म्हणाली, "बघ, अजून पोरांवर घेत न्हाई बिचारा. झाकून नेतोय." त्या दिवसापासून माझ्या मुलांची त्या घाटावर जी अब्रू गेली आहे ती परत येण्यासारखी नाही. मी तिथून जाताना त्यांच्या वतीनं मान खाली घालतो.

सायकलची किंमत हा प्रश्न मात्र डोक्यापासून शेपटापर्यंत सारखाच. सुरुवातीला मी खोटं सांगायचो, पण खेड्यातल्या माणसाला यंत्राची किंमत नजरेनं कळते. तो तुमचा आकडा ऐकून नुसता हसतो. म्हणून एकदा सोमेश्वरच्या अलीकडं एकाला खरं ते सांगून टाकलं, पंचेचाळीस हजार. त्यानं क्षणभर आकाशाकडं बघितलं. या भागात मोठ्या रकमेचा हिशेब रुपयांत होत नाही.

"म्हंजे पंधरा टन झालं की!"

पंधरा टन ऊस कारखान्याला घालून माणसानं काय घेतलं, हे बघायला तो सायकलीभोवती एक फेरी मारून आला. चाकं, साखळी, गिअर सगळं बघितलं. मग अत्यंत शांतपणे विचारलं, "आणि ष्टँड?"

"ष्टँड नसतं याला."

"मडगार्ड? क्यारेज? घंटी?"

"नसतं."

"पंधरा टनात घंटीबी देत न्हाईत?" त्यानं माझ्याकडं बघितलं त्यात राग नव्हता, वजनकाट्यावर मारला गेलेला शेतकरी दुसऱ्या मारल्या गेलेल्या शेतकऱ्याकडं जसं बघतो, तसा बंधुभाव होता.

ऊस हा इथला हिशेब, भूगोल आणि हवामान, सगळंच आहे. कालवा आल्यावर सासवडच्या माळी बागायतदारांनी नीरेच्या खोऱ्यात जमिनी खंडानं घेऊन ऊस लावला, गूळ केला आणि बाकीच्यांना नाद लावला. पलीकडच्या तीरावर पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघालं. तिथून आलेला को ८६०३२ हा वाण. त्याला नाव नदीचंच, 'नीरा'. विसाव्या शतकाच्या तोंडावर विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते तेव्हा त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत आणली. ब्लॉकच्या एका भागातच ऊस करा, बाकी रान हंगामी पिकांना ठेवा, म्हणजे पाणी जास्त गावांना पुरेल, असा तिचा हिशेब होता. विश्वेश्वरय्यांनी पुढं मोठी धरणं बांधली, म्हैसूरचे दिवाण झाले, त्यांना भारतरत्न मिळालं. त्यांनी जिंकल्या नाहीत अशा फार थोड्या गोष्टी असतील. त्यातली एक ऊस.

गळीत हंगामात कॅनॉलच्या रस्त्यावर उसाशी समोरासमोर गाठ पडते. रस्ता म्हणजे दहा-बारा फुटांचा मुरुमाचा भराव. दोन चाकोऱ्या, मध्ये गवताची शेंडी, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल चारी. वळणापलीकडून आधी गाणं ऐकू येतं. ते गाणं इतकं जोरात असतं की बाभळीवरचे बगळे उठतात. मग दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येतो. उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी इतक्या बाहेर आलेल्या असतात की रस्ता संपतो आणि ऊस उरतो. पुढच्या काचेवर 'आईसाहेबांचा आशीर्वाद' लिहिलेलं असतं. तो आपल्यासाठी नसतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागं घेता येत नाही, हे ड्रायव्हरला माहीत असतं आणि त्याला माहीत आहे हे आपल्याला कळतं. मग पंधरा टनांची सायकल खांद्यावर घेऊन आपण चारीत उतरतो. वीस टनांचा मान वीस टनांना. ट्रॉलीवरची ऊसतोड कामगारांची पोरं वरून आपल्याकडं बघतात, आणि चारीत उभ्या असलेल्या माणसाची कीव येऊन एखादं पोर कांडं फेकतं. ते झेलायचं. दातानं सोलायचं. अपमान आणि नाश्ता यांची अशी एकत्र सोय दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर नाही.

काट्यांचं मात्र तसं नाही. ते सोबत काही देत नाहीत. भरावावर वेडी बाभूळ माजलेली असते, आणि तिचा काटा टायर, ट्यूब आणि आत्मविश्वास या क्रमानं घुसतो. जवळच्या गावात पंक्चरवाला असतो, पण तो आता ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींचा. माझी ट्यूब हातात घेऊन एकानं तिची बारीक नळी उजेडात धरली.

"ह्यात वॉलट्यूब कुठाय?"

"या व्हॉल्व्हला नसते. वरचा स्क्रू ढिला करून हवा भरायची."

त्यानं कंप्रेसरचं तोंड लावून बघितलं, बसलं नाही. मग घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधला, पॉलिश पेपरनं घासलं, सोलुशन लावून फुंकर मारली, ठिगळ दाबून धरलं. हातांना सगळं आठवत होतं. मी माझ्या बोटभर पंपानं हवा भरत होतो, तो मोजत होता. बराच वेळ मोजून म्हणाला, "एवढ्यात मी बारामतीला जाऊन आलो असतो." पैसे विचारले तर घेईना. "सायकलचं पंक्चर काढून लई वर्षं झाली. पोराला दाखवता आलं." पोरगा मोबाइलमध्ये होता, त्यानं मान वर करून माझ्या चड्डीचा फोटो काढला.

खरी परीक्षा पुढं, अस्तरीकरणाच्या टप्प्यात असते. हा मातीचा जुना कालवा पाझरतो. धरणातून निघालेल्या पाण्याचा बराच वाटा वाटेतच मुरतो, म्हणून तळाला आणि कडांना काँक्रीटचं अस्तर घालावं, असं खातं म्हणतं. कालव्याच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की पाणी मुरतं म्हणजे वाया जात नाही, ते आमच्या विहिरीत येतं. कागदावर जी गळती, ती त्यांच्या हिशेबात मिळकत. अशा टप्प्यात मी कशासाठी आलो असेन, हे सांगायला नकोच. त्यातून माझ्या हँडलवर एक लहान यंत्र आहे. चाकाच्या आरीला लोहचुंबक लावलेला आहे, तो फिरला की यंत्रावर अंतर उमटतं. मोजणीची माणसं जे चाक ढकलत रस्ता मोजतात, त्याचाच हा दोन चाकांचा प्रकार आहे याबद्दल तिथं कुणाला शंका नव्हती.

"किती भरलं?" एका आण्णांनी विचारलं. पांढरी टोपी, हातात खुरपं.

"काय?"

"मोजलं किती म्हन्तो. कुठनं कुठवर शिमिट करनार?"

मी यंत्र दाखवलं. त्यावर बेचाळीस किलोमीटर दिसत होते. आण्णांनी डोळे मिटले. बेचाळीस किलोमीटर काँक्रीट! मी परोपरीनं सांगितलं की हे माझ्या एकट्याच्या समाधानासाठी मोजतो. या वाक्यानं परिस्थिती आणखी बिघडली, कारण स्वतःच्या समाधानासाठी माणूस बेचाळीस किलोमीटर मोजतो यापेक्षा सरकार आपल्याला बुडवायला टपलंय हे केव्हाही पटण्यासारखं आहे.

शेवटी आण्णांनी मला पुरावा बघून जायला सांगितलं. भरावावरून खाली, ओढ्यावरच्या दगडी मोरीच्या पोटाशी आम्ही उतरलो. वर कालवा वाहत होता, खाली कमानीच्या दगडांच्या सांध्यांतून थेंब गळत होते. चुन्याचे पांढरे ओघळ, त्यावर हिरवं शेवाळ, शेवाळाच्या टोकाला थेंब तयार होतो, जड होतो, सुटतो, पुढचा तयार होतो. थेंबांचं डबकं, डबक्यातून बोटभर धार, धारेच्या कडेला कर्दळ माजलेली. ती धार जिथं गवतात शिरत होती तिथून हाकेच्या अंतरावर आण्णांची विहीर. दगडाच्या फटीत एक खेकडा आमच्याकडं डोळे काढून बसला होता.

"ह्याला आम्ही कधी हात लावत न्हाई," आण्णा म्हणाले.

खेकड्याला सरकारदरबारी मान आहे हे मला माहीत होतं. २०१८च्या सप्टेंबरात पुण्यात मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं, लोकांचे संसार भिजले, तेव्हा जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकडे यांच्याकडं बोट दाखवलं होतं. खेकड्यांचा खुलासा माझ्या वाचनात आला नाही. आण्णांच्या राज्यात मात्र तो आरोपी नव्हता, कामावरचा माणूस होता; बिनपगारी, रजा न घेणारा, आणि एकाच भोकाला वर्षानुवर्षं चिकटून राहणारा.

बारामती शहरात कालवा कपडे बदलतो. काठ बांधलेले, कडेला झाडं, फिरायला आलेली मंडळी. तिथं माझ्यासारखी चड्डी घातलेले पाच-सहाजण समोरूनच येतात आणि कुणी काही विचारत नाही. बिनकामाचं फिरणं हे शहरात काम समजलं जातं. त्याला वेळ असते, कपडे असतात, मोबाइलवर हिशेब असतो. मला तिथं चुकल्यासारखं होतं. दोन-चार मैल कुणी संशय घेतला नाही की सायकल जड लागते.

बारामतीच्या पुढं तो अनुशेष भरून निघतो. पाणी जसजसं लांब जातं तसं कमी होतं आणि त्याच्याबद्दलचं बोलणं वाढत जातं. उसाच्या मधूनमधून ज्वारी दिसू लागते, मका, हरभरा दिसतो. इथल्या माणसाला आवर्तन कधी, पाळी किती दिवसांची, सात नंबरचा अर्ज भरला का, कालवा सल्लागार समितीत काय ठरलं, हे सगळं पाठ असतं. नियमानं पाणी शेजपाळीनं द्यायचं आणि सुरुवात शेपटाकडून करायची. आधी शेवटच्याचं भिजवायचं, मग वर वर यायचं. नियम उत्तम आहे. पाणी शेपटाकडं निघतंही. फक्त वाटेत त्याला ओळखीची माणसं फार भेटतात.

अशीच एक ओळख मी चालू असताना पाहिली. भवानीनगरच्या अलीकडं, एका वळणावर काळा पाइप कालव्यातून भराव ओलांडून उसात गेलेला होता आणि एक तरुण त्याच्या तोंडाशी वाकून सायफन चालू करत होता. मला बघताच त्यानं पाइप उचलला, लाथेनं उसात ढकलला आणि हात झटकून उभा राहिला.

"सायेब, काढतच हुतो."

"अहो, मी साहेब नाही. मी असाच फिरतोय."

"व्हय सायेब."

"खरंच, माझा खात्याशी काही संबंध नाही. तुमचं चालू द्या."

'चालू द्या' ऐकून तो आणखी पांढरा पडला. चालू द्या म्हणणारा साहेब हा लिहून घेणाऱ्या साहेबापेक्षा महाग पडतो, हा अनुभव त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. त्यानं खिशात हात घातला. मी सायकलला टाच मारली आणि माझ्या आयुष्यातला सर्वात वेगवान किलोमीटर तिथं काढला.

त्याच्यापुढं थोड्या अंतरावर मी पाण्याला गाठलं. आवर्तन सुटलं होतं आणि कालव्यातलं पाणी कोरड्या तळातून शेपटाकडं निघालं होतं. वाहत्या कालव्यातलं पाणी माणसाच्या चालीनं चालतं. कोरड्या पाटात त्याचा पहिला ओघ त्याहून हळू. वीरला सोडलेल्या पाण्याला शेपूट गाठायला कित्येक दिवस लागतात. मी पुढं थांबून ते येताना बघितलं. आधी आवाज येत नाही, चाळवाचाळव येते. तळातल्या भेगांतून मुंग्या अंडी तोंडात धरून कडा चढत होत्या. मग पाण्याची कड आली: तपकिरी, वितभर जाडीची, पुढ्यात फेस, फेसात वाळकी पानं, शेंगांच्या काड्या, थर्मोकोलचे तुकडे, एक निळी चप्पल, निर्माल्याची पिशवी. दर पावलाला ती थांबायची, खड्डा भरायची, भेग पिऊ द्यायची, मग पुढं सरकायची. कडेनं दोन बगळे तिच्या बरोबरीनं चालत होते आणि पळणारे किडे टिपत होते. साऱ्या तालुक्याचं डोळे लावून बसणं ज्या पाण्यासाठी, त्याची मिरवणूक अशी: पुढं कचरा, बाजूला बगळे, आणि पाणी मागं.

मी पायडल मारलं आणि पाण्याच्या पुढं निघालो. तिथपासून कोरड्या कालव्याच्या काठानं जाताना माझा दर्जाच बदलला. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक पुलावर माणसं बसलेली, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न. काय काम, कुणाचे, किती टनांची सायकल, हे काही नाही.

"पाणी कुठवर आलं?"

वर्षानुवर्षं या कालव्यावर मी खरं बोललो आणि कुणी ऐकलं नाही. आता मी एक वाक्य बोलायचो आणि पाच जणांचे मोबाइल निघायचे. "भवानीनगर सोडलं म्हन्त्यात. बगितलंय त्यांनी. सोता बगितलंय." पुढच्या फाट्यावर माझ्या आधी माझीच बातमी पोचलेली असायची, थोडी वाढून: पाण्याबरोबर सायकलवर साहेब येतोय, वरच्यांचे पाइप काढत काढत. एके ठिकाणी मला दोन कप चहा आणि एक मागणीपत्र मिळालं. मागणीपत्र मी परत केलं, चहा प्यायलो.

शेवटच्या टप्प्यात कडुनिंबाच्या पारावर म्हातारी मंडळी बसली होती. मी सगळी हकिगत सांगितली: पाणी सकाळी कुठं होतं, मी कधी पुढं निघालो, किती वेगानं. पारावर हिशेब सुरू झाला. सकाळी तिथं होतं तर उद्या तिथं पाहिजे, परवा तिथं. मग मधल्या गावातलं कोण किती मारेल, याची वजाबाकी. वजाबाकी संपेपर्यंत पाणी शून्याच्या खाली गेलं होतं.

एक तात्या मात्र हिशेबात नव्हते. ते माझ्याकडं बघत होते.

"तुमी खात्याचं?"

"नाही हो तात्या. शपथ घेऊन सांगतो."

"आरं, खात्याचंच असनार," पारावरून कुणीतरी म्हणालं. "न्हाईतर कशाला यील इकडं उन्हाचा?"

तात्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. "न्हाई. ह्ये खात्याचं न्हाईत." ते माझ्या बाजूनं बोलणारे त्या कालव्यावरचे पहिले गृहस्थ होते. मी कृतज्ञतेनं त्यांच्याकडं बघितलं. तात्यांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली सरकवली आणि निकाल दिला:

"खात्याचा मानूस पान्याच्या आदी कवा आलाय का इथं?"